बाबांची साखर आणि मळ्यातले कावळे

माझे सासरे वारले तेव्हा त्यांची साखर अगदी नॉर्मल होती.

हे मी अभिमानाने सांगते आहे असं नाही. पण त्या साखरेवर मी दोन वर्षं मेहनत घेतली होती. मी सिंगापूरला नोव्हेनाच्या एका क्लिनिकमध्ये पेशंटच्या वेळा लावायचं काम करते. दिवसभर डॉक्टरांचं ऐकून ऐकून निम्मी डॉक्टर झाले आहे, आणि उरलेली निम्मी मी याद्या करण्यात घालवते. बाजाराची यादी, बिलांची यादी, सुट्टीत करायच्या कामांची यादी. (कुठली यादी कुठे ठेवली आहे याचीही एक यादी आहे. हसू नका, लागते ती.)

आई-बाबा, म्हणजे माझे सासू-सासरे, सांगलीला राहायचे आणि दरवर्षी तीन-चार महिने आमच्या आंग मो किओच्या फ्लॅटवर यायचे. बाबांना मधुमेह निघाला त्या दिवशी मी सूत्रं हातात घेतली. सकाळी कारल्याचा रस. दुपारी ब्राऊन राईस. खिरीत साखरेऐवजी त्या हिरव्या पुडीतली गोड पावडर. तेल टाळायला मी नवा एअर फ्रायर आणला आणि त्यात वडे करायला लागले. बाबा वडा हातात घेऊन उलटसुलट बघायचे आणि म्हणायचे, "मेधा, हा खायचा ना? की यावर काही टेकवून ठेवायचंय?" फार विनोदी स्वभाव होता त्यांचा.

घरात कुणी मिठाई आणलीच तर ती बाबांच्या नजरेस पडायच्या आत संपवणं गरजेचं असे. ते काम मी एकटीने, कुणालाही त्रास न देता करत असे. जबाबदारी म्हणजे जबाबदारी!

रोज सकाळी आई-बाबा खोलीचं दार लोटून त्या छोट्या यंत्रावर साखर तपासायचे आणि आई आतून आकडा ओरडून सांगायच्या. "एकशे चार!" ते सांगलीला परत गेले की तोच आकडा व्हॉट्सॲपवर यायचा. मी तो कॉम्प्युटरवर भरायची. आलेख असा सरळ, की आमच्या डॉक्टरांना दाखवला तेव्हा ते म्हणाले, "या वयात? कमाल आहे!" मी ती कमाल माझ्याकडे ठेवून घेतली.

आणि मग एका जूनमध्ये, सांगलीला, बाबा दुपारचं जेवून पेपर छातीवर घेऊन आडवे झाले ते उठलेच नाहीत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. आम्ही पोचलो तेव्हा ओसरीवरचे सगळे एकमेकांना तेच सांगत होते, "काही म्हणजे काही होत नव्हतं हो!" मी म्हणाले, "साखरही नॉर्मल होती." कुणीतरी मला पाणी आणून दिलं.

दहाव्या दिवशी कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला. झिमझिम पाऊस होता. कावळे होते, नव्हते असं नाही; समोरच्या झाडावर ओळीने बसले होते आणि सगळे मिळून दुसरीकडे बघत होते. गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असली की कावळा पिंडाला शिवत नाही, आणि मग जिवंत माणसं एकेक आश्वासन देत सुटतात. माझा नवरा नितीन आणि माझे दीर यांनी पालिकेच्या निवडणुकीत देतात तितकी आश्वासनं दिली. कावळे हलेनात. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तोच पिंडाला टेकवला. "शास्त्रात सोय आहे," ते म्हणाले.

शास्त्रात होती, आईंच्या मनात नव्हती. त्या तेव्हा हात जोडून घरी आल्या. पुढे वर्षभर मात्र, भाजी निवडता निवडता, टीव्ही बघता बघता मध्येच थांबायच्या आणि म्हणायच्या, "गवताचा कावळा शिवला हो यांना."

त्यावर काय बोलायचं याची माझ्याकडे यादी नव्हती.

पुढच्या जूनमध्ये आई आमच्याकडे होत्या. बाबांची पहिली तिथी आली. सांगलीला दीर गुरुजींना बोलावून सगळं करणार होते. आईंना इथे फक्त एक हवं होतं. "कावळ्याला पान ठेवायचं. खऱ्या कावळ्याला. बाराच्या आत. आणि तो जेवल्याशिवाय आपण कुणी जेवायचं नाही."

"आई, इथे पक्ष्यांना खायला घालायचं नसतं," मी म्हणाले. "लिफ्टच्या बाहेर पाटी आहे. दंड होतो."

"बाबांच्या नावाने घातलं तरी?"

"पाटीवर बाबांचं नाव नाही, आई."

नितीन म्हणाला, "मागच्या जिन्यात हळूच ठेवू. कोण बघतंय?"

"कॅमेरा बघतोय! पुढच्या महिन्यात तुझा नोकरीचा पास रिन्यू व्हायचाय, विसरलास? कावळ्याच्या पायी सांगलीला परत जायचंय का?"

आईंनी तिसरीच अडचण काढली. "आणि इथले कावळे इथले. त्यांना पानाचं काय ठाऊक?"

आता, शाळेच्या सुट्टीतली आमची मलेशियाची मोटारसफर नेमकी त्याच दिवशी सुरू होत होती. भाड्याची गाडी ठरली होती, हॉटेलचे पैसे परत मिळणार नव्हते. सफरीतला पहिला थांबा होता जोहोरमधला एक जुना मळा. इंग्रजांच्या काळातला, आधी कॉफीचा आणि मग रबराचा. साहेबाचा बंगला, मजुरांच्या चाळी, सगळं होतं तसं जपून ठेवलेलं. (माझ्या यादीत: 'मळा, शैक्षणिक, सानिकाच्या सुट्टीच्या प्रोजेक्टसाठी.' सानिका म्हणजे आमची मुलगी, तेव्हा बारा वर्षांची.) मळा म्हटलं की झाडं आली, झाडं म्हटलं की कावळे आले. तिथे पान ठेवायचं, मळा बघायचा, जेवायचं, पुढे निघायचं. मी यादीतल्या दोन ओळी एकत्र केल्या आणि मला फार बरं वाटलं.

त्या दिवशी पहाटे उठून मी सगळा स्वयंपाक केला. वरण-भात, भोपळ्याची भाजी, कारल्याची भाजी, कढी, आमसुलाची चटणी, खीर, वडे. आई शेजारी उभ्या राहून बघत होत्या.

"मेधा, अगं ही ती हिरवी पुडी ना?"

"हो. नेहमीचीच."

"आता त्यांना कसली गं साखर!"

"आई, उरलेलं आपणच खाणार आहोत ना? नितीनची साखर अगदी काठावर आहे."

"आणि वडे त्या फ्रायरच्या डब्यात?"

"तेल फार लागतं हो."

आईंनी पुडी माझ्याकडे सरकवली. वड्यांकडे मात्र, गाडीत अनोळखी माणूस शेजारी येऊन बसावा तसं बघत राहिल्या.

बाहेर सगळं राखेच्या रंगाचं झालं होतं. तिकडे सुमात्रात कुणीतरी जंगलं जाळत होतं आणि त्याचा धूर नेहमीप्रमाणे आमच्याकडे राहायला आला होता. समोरची बिल्डिंग अर्धीच दिसत होती. मी सगळ्यांना मास्क वाटले (यादीत होते) आणि आम्ही निघालो. नेहमीपेक्षा लवकर. म्हणजे सीमेवर रांग लागली तरी अकराला पोचू.

सीमेवर रांग लागली. ती संपत आली तेव्हा सिंगापूरच्या बाजूच्या माणसाने आत डोकावून पेट्रोलचा काटा बघितला आणि हाताने गोल काढून दाखवला. मागे वळा! सिंगापूरची गाडी देशाबाहेर नेताना टाकी पाऊण भरलेली लागते. पलीकडे पेट्रोल स्वस्त आहे म्हणून रिकामी गाडी घेऊन कुणी जाऊ नये असा नियम. हे इथे बालवाडीतल्या मुलालाही माहीत असतं.

"नितीन! मी तुला काल विचारलं होतं, पेट्रोल झालंय का. तू 'झालंय' म्हणालास. मी टिक केली!"

"झालंयच की. अर्धी आहे."

"अर्धी म्हणजे झालंय?"

"मला वाटलं, पलीकडे स्वस्त…"

मागच्या सीटवरून मास्कमधून आवाज आला, "अलामाक, पप्पा!" (अरे देवा, असं इथली मुलं म्हणतात. आणि वाक्याला 'लाह'ची शेपटी लावतात.) "आय ॲम सो हंग्री लाह!"

"कावळा जेवल्याशिवाय नाही," आई म्हणाल्या.

"पण कावळ्याला कुठे माहितीये आपण येतोय!"

मागे गेलो, टाकी भरली, परत रांगेला लागलो. तोवर रांगेला पिल्लं झाली होती.

पलीकडे मलेशियाच्या माणसाने डिकी उघडायला लावली. तिथे आमचं सामान आणि वर एकावर एक पाच डबे, आणि छत्रीच्या पिशवीत गुंडाळलेलं केळीचं पान.

"हे काय?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"जेवण," मी म्हणाले.

"इतकं? कुणासाठी?"

"माझ्या सासऱ्यांसाठी."

त्याने गाडीत वाकून बघितलं. नितीन, आई, सानिका. "ते कुठे आहेत?"

मी नितीनकडे बघितलं. नितीनने आईंकडे. आईंना इंग्रजी येत नाही, पण प्रश्न बरोबर कळला. त्यांनी वर धुरात बोट दाखवलं.

"गेल्या वर्षी वारले," मी म्हणाले.

"मग खाणार कोण?"

"कावळा," नितीन म्हणाला. आणि त्याला एकदम वाटलं की नीट समजावून सांगावं. "म्हणजे, तो कावळाच असतो, पण त्या वेळेपुरते ते माझे वडील असतात."

त्या माणसाने डब्यांकडे बघितलं. मास्क लावलेल्या आम्हा चौघांकडे बघितलं. मग त्याने डिकी स्वतःच्या हाताने अगदी हळू बंद केली आणि जा म्हणाला.

मळ्यावर पोचलो तेव्हा बाराला जेमतेम अर्धा तास होता. मळ्याच्या दाराशी एक टपरीवजा खोली होती. तिच्या एका खिडकीत तिकिटं आणि दुसऱ्या खिडकीत उकळतं तेल. दोन्हीकडे एकच बाई. साठीची, चिनी, बारीक अंगाची. ती तिकिटं विकायची, मळा दाखवायची आणि मधल्या वेळात केळ्याची भजी तळायची. इथे त्याला पिसांग गोरेंग म्हणतात. त्या वासाने सानिका जागच्या जागी वाकडी झाली.

"मम्मी, एकच! प्लीज!"

"नाही."

"हाफ!"

"सानिका, आजोबांचा दिवस आहे आज."

तिने विचित्र नजरेने माझ्याकडे बघितलं. ती नजर मला तेव्हा कळायला हवी होती. पण मी कावळे शोधत होते. आणि कावळे नव्हते. धुरात एकही पंख हलत नव्हता. रबराची झाडं रांगेत उभी होती, प्रत्येकाच्या सालीवर तिरप्या जुन्या जखमा, आणि वर भयाण शांतता.

तिकिटवाली आंटी म्हणाली, एकटं फिरायचं नाही, ती दाखवेल तसंच चालायचं. आम्ही डबे घेऊन तिच्यामागे निघालो. साहेबाचा बंगला उंच खांबांवर. आत पाय पसरायची लांब खुर्ची, मच्छरदाणी, पांढरा टब. "हं," आई म्हणाल्या. मग मजुरांची चाळ. एकेक खोली एवढीशी, की माझा फ्रीज आत ठेवला तर मला बाहेर झोपावं लागेल. एका खोलीत मातीची चूल, पाटा-वरवंटा, कोनाड्यात देवाची तसबीर, आणि चुलीपाशी एक प्लास्टिकची बाई साडी नेसवून बसवलेली. तिकडून, आपल्याकडून, बोटीने आणलेली माणसं ही, असं आंटी सांगत होती. पुष्कळ जण तापाने इथेच गेले.

आईंनी दोरी ओलांडली.

"आई! आत जायचं नाहीये!"

"अगं, निऱ्या बघ कशा काढल्यात हिच्या! एक पाऊल टाकलं तर सुटेल बिचारीची." आणि त्यांनी त्या बाईच्या निऱ्या सोडून पुन्हा नीट घातल्या, पदर सारखा केला. आंटी बघत राहिली. मग म्हणाली, "गुड. मला जमत नव्हतं."

दोरीच्या अलीकडे येऊन आई जरा वेळ त्या थंड चुलीकडे बघत उभ्या राहिल्या.

"हिच्या माणसाचं पान कुणी ठेवलं असेल गं?"

मी घड्याळ बघितलं.

चाळीच्या मागच्या बाजूला एक पाटी होती. सानिका प्रोजेक्टसाठी फोटो काढत होती, ती एकदम ओरडली, "आजी! कम सी! कावळ्यांचं लिहिलंय! कॉफीला किडे लागायचे, तर ते खायला साहेबाने शिपमधून कावळे आणले. सिलोनहून."

"सिलोन म्हणजे?"

"श्रीलंका," नितीन म्हणाला.

आईंनी मास्क खाली ओढला. वर्षभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळलेला मी पाहिला. "म्हणजे हे आपल्या बाजूचेच! नोकरीला आलेले! मेधा, इथेच पान मांड."

आणि खरोखरच, पान मांडून होतंय तोवर चाळीच्या पत्र्यावर खडखड वाजलं. एक कावळा. मग दुसरा. मग आणखी दोन. धुरातून उतरले आणि पन्हाळीवर ओळीने बसले. आम्ही मागे सरून हात जोडले.

कावळ्यांनी पानाकडे बघितलं. वड्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. आणि सगळे मिळून दुसरीकडे बघायला लागले.

घाटावरचीच ती नजर! मी ओळखली. आईंनीही ओळखली. त्यांचा हात माझ्या दंडावर आवळला गेला.

"बोल रे काहीतरी," त्या नितीनला म्हणाल्या.

"बाबा," नितीन पत्र्याकडे बघून म्हणाला, "आईला आम्ही कधी अंतर देणार नाही."

एका कावळ्याने पंखाखाली खाजवलं.

"सांगलीचं घर विकणार नाही."

कावळ्याने पाठ फिरवली.

"म्हणजे विकायला हरकत नाही वाटतं," मी म्हणाले. (गिऱ्हाईक चांगलं आलं होतं.) आईंनी माझ्याकडे असं बघितलं की मीच पुढे होऊन हात जोडले. "बाबा, मी सानिकाला मराठी लिहायला शिकवीन. रोज अर्धा तास."

"हॅलो! मला विचारलं का कुणी?"

दोन कावळे उडून साहेबाच्या बंगल्यावर गेले.

"मुखवटे काढा आधी!" आई म्हणाल्या. "त्यांना ओळखू कसे येणार तुम्ही?" आम्ही मास्क काढले आणि तिघंही खोकायला लागलो. आणखी एक कावळा गेला.

मग आई एकट्याच पुढे झाल्या. पानासमोर उभं राहून हळू आवाजात काहीतरी बोलल्या. मला एवढंच ऐकू आलं, "…माझं चुकलं असेल. मला काय माहीत होतं…" त्यांचे खांदे हलत होते. पत्र्यावर शेवटचा एक कावळा उरला होता. तो मान वाकडी करून त्यांच्याकडे बघत होता आणि खाली येत नव्हता. बारा वाजत आले होते. मला दिसायला लागलं की आता आणखी एक वर्ष, आणि मग आणखी एक, ही बाई भाजी निवडता निवडता थांबणार आहे. नितीन इकडे तिकडे गवत शोधत होता. दर्भ म्हणून चालेल असं काहीतरी!

तेवढ्यात, मधेच भजी बघायला गेलेली आंटी हातात चिमटा घेऊनच परत आली. "इथे कचरा टाकायचा नाही!"

मी जमेल तसं सांगितलं. सासरे, वर्ष, कावळा. तिने चिमटा खाली केला. म्हणाली, तीही दरवर्षी वडिलांच्या थडग्यावर नेते. काळी कॉफी, रोस्ट डक आणि त्यांची ती वाईट सिगारेट. आवडायचं तेच नेते. मग तिने पानाकडे नीट बघितलं.

"तुझ्या सासऱ्यांना हे आवडायचं?"

"हो," मी म्हणाले. "हेल्दी खायचे ते. कारलं तर अगदी…"

"मम्मी, नो लाह!"

सानिका रडत होती. "आजोबा हेटेड इट! कारल्याचा ज्यूस ते सिंकमध्ये ओतायचे. मी नळ सोडायचे, आवाज येऊ नये म्हणून."

"काय?"

"आणि दुपारी वॉकला नव्हतो जात आम्ही. खाली हॉकर सेंटरला जायचो, खायच्या स्टॉल्सवर. पिसांग गोरेंग खायला. रोज. आजोबा म्हणायचे, 'हे आपल्या दोघांत बरं का.' आय प्रॉमिस्ड!"

दुपारचा फेरफटका! अर्धा तास! मी त्या फेरफटक्यासाठी बाबांचं चारचौघांत कौतुक केलं होतं. मी नितीनकडे वळले.

"मला पिसांगचं माहीत नव्हतं," तो घाईघाईने म्हणाला. "मी फक्त रविवारी कॉफी पाजायचो. ती… कंडेन्स्ड मिल्कवाली."

मी काही बोलणार त्याआधी आंटी टपरीकडे चालायला लागली होती आणि सानिका तिच्यापुढे धावत होती. दोघी परत आल्या त्या कागदात केळ्याची भजी घेऊन. तेल निथळणारी, वाफ निघणारी, कडेला साखरेचा पाक झालेली. माझ्या दोन वर्षांच्या कामावर तो कागद कुणीतरी बोळा करून फेकावा तसं मला झालं.

आईंनी भजं हातात घेतलं. ते चटका देत होतं, तरी नीट मधोमध ठेवलं. आणि पत्र्याकडे बघून रोजच्या आवाजात म्हणाल्या, "घ्या आता. मेधाने बघितलं तरी चालेल."

कावळा खाली आला.

तो चालत आला, आधी वडा पायाने बाजूला केला (हे मी स्वतः बघितलं), भजं उचललं आणि वर न जाता तिथेच, आमच्यासमोर, आरामात खाल्लं. मग बंगल्यावरचे परत आले. भात गेला, भोपळा गेला, शेवटी खीरसुद्धा गेली. पानावर वडे आणि कारलं राहिलं.

आई मजुरांच्या ओट्यावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. आंटीने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि तिकिटाच्या खिडकीकडे निघून गेली.

नंतर टपरीपाशी बाकावर बसून आम्ही जेवलो. म्हणजे भजीच. डबे कुणी उघडले नाहीत. सानिकाने सहा खाल्ली. मी नको म्हणत म्हणत चार.

"मेधा," आई म्हणाल्या, "एक सांगू? रागावू नकोस."

"आता काय राहिलंय, आई!"

"ती साखर. सकाळची." त्या आपल्या बोटाच्या टोकाकडे बघत होत्या. "यांना सुईची फार भीती गं. बोट पुढे कर म्हटलं की लहान मुलासारखा हात पाठीमागे. पहिल्या दिवशी म्हणाले, आज तुझं टोच, उद्या माझं टोचू. मग रोजच उद्या झालं."

मला क्षणभर कळेना. मग कळलं.

"म्हणजे एकशे चार…"

"माझी."

"दोन वर्षं?"

"इथेही. तिथेही." त्यांचा आवाज खाली गेला. "मला वाटत होतं, माझ्याच बोटाने घात केला. म्हणून कावळा शिवेना. माझ्यावर रागावले असतील म्हणून."

मी निम्मी डॉक्टर आहे हे वर सांगितलंच आहे. बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. पण डोळ्यांसमोर फक्त वडे आणि कारलं उरलेलं ते पान होतं, आणि आईंचं बोट, टोकाशी बारीक बारीक खुणा असलेलं.

"आई," मी म्हणाले, "पोटभर जेवून, पेपर वाचता वाचता, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. माझ्या यादीत याहून चांगलं काही नाही. आणि रागावलेला माणूस असा पाय पसरून जेवत नाही."

आई रडता रडता हसल्या. "वडा कसा सारला बाजूला, बघितलंस?"

"बघितलं."

पुढचा प्रवास धुरातच झाला. आई खिडकीला डोकं टेकून झोपल्या, आणि नितीन म्हणाला की बाबा गेल्यापासून त्या दिवसा अशा कधी झोपल्या नव्हत्या. संध्याकाळी हॉटेलवर मी वड्यांचा डबा शेजारच्या कुत्र्यापुढे ठेवला. तो पिढ्यान्‌पिढ्या मलेशियाचाच होता, आपल्या बाजूचा नव्हता. तरीही त्याने नुसताच वास घेतला.

सिंगापूरला परत आल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे ते यंत्र बाहेर काढून माझ्यासमोर, उजेडात, ज्याचं बोट त्याचाच आकडा या पद्धतीने घरातल्या सगळ्यांची साखर तपासली. आईंची उत्तम. नितीनची ठीक. सानिकाची, सहा भजी खाऊनही, आदर्श.

वाढलेली निघाली ती फक्त माझी.

दोन वर्षं घरातली मिठाई जबाबदारीने संपवल्याचं हे फळ! आता रोज सकाळी आई यंत्र घेऊन माझ्यासमोर उभ्या राहतात, फ्रीजवर माझ्या नावाचा तक्ता आहे, आणि कारल्याचा रस मी नळ सोडून ओतते. सुईची मला एवढी भीती वाटत असेल असं कधी वाटलं नव्हतं. सानिकाचं बोट रोज सकाळी मिनिटभर उसनं कसं मागायचं, एवढी एकच ओळ सध्या माझ्या यादीत टिक व्हायची राहिली आहे.